औषध एकच, मग गुण वेगवेगळा का?



गेल्या अंकातील जमाखर्च वाचून एका मंडळीच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी फोन केला. "गोळ्यांपेक्षा तपासण्यांवर आणि गाडीभाड्यावर तुमचा खर्च जास्त दिसतो. तेवढ्या पैशांत आणखी किती औषधे आली असती!" असे त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, काळजीनेच. फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून या वेळचा आरोग्यपाठ त्यांच्या प्रश्नावर.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सेमिनरीत आम्हाला ग्रीकची तोंडओळख झाली, प्रवचन कसे बांधावे ते शिकवले. यकृत कोणत्या बाजूला असते हे कोणी सांगितले नाही. जे थोडे समजले ते पाड्यांवर फिरताना, आमच्या सिस्टरांकडून आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांकडून. हा मजकूर त्यांनी वाचून दुरुस्त केला आहे. तरीही तो समजून घेण्यासाठी आहे, घरच्या घरी कोणाचे औषध ठरवण्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अक्राणी तालुक्यातला, सातपुड्याच्या कुशीतला एक पाडा. तिथली बरीच माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला घरी येतात. त्या वर्षी परतलेल्या एका विशीतल्या तरुणाला थंडी वाजून ताप येऊ लागला. रक्ततपासणीत हिवताप निघाला, व्हायवॅक्स जातीचा. त्याला क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्वीन चौदा दिवस असे औषध ठरले. गोळ्या मीच मोजून त्याच्या आईच्या हातात दिल्या. किती, केव्हा, सगळे दोनदा वदवून घेतले.

पाचव्या दिवशी गेलो तर गोळ्या बंद. तरुण खाटेवर पडलेला, डोळे पिवळे, उठून बसला तरी धाप लागत होती. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, असे त्याची आई म्हणाली. मी विचारले, "मावशी, गोळ्या का थांबवल्या?" ती म्हणाली, "भाऊ, ही गोळी आमच्या माणसांना जाळते. याच्या मामालाही असंच झालं होतं."

बडव्याला बोलावून झाले होते. दाराशी कोंबड्याची पिसे पडलेली दिसली. मी ती पिसे पाहिली आणि पुढचे ऐकणेच बंद केले. पंधरा मिनिटे उपदेश केला. वहीत लिहिले: "औषध अर्धवट सोडले. कारण अंधश्रद्धा." ती वही अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या. त्यांनी उपदेश केला नाही. त्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, बाटलीत लघवी घेतली आणि जीप मागवली. रुग्णालयात त्याला रक्त चढवावे लागले. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "त्याने गोळी थांबवली म्हणून निभावले."

ज्या गोळीने ऊसतोडीवरून आलेल्या बाकी लोकांना काही झाले नाही, तीच गोळी याच्या रक्ताला का बाधली? हे समजण्यासाठी गोळी पोटात गेल्यावर काय होते ते आधी पाहू.

गोळीचा प्रवास

आपल्याला वाटते, डोकेदुखीची गोळी डोक्याकडे जाते आणि गुडघ्याची गुडघ्याकडे. तसे नाही. गोळी पोटात विरघळते, लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरते, आणि आतड्यातले ते रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृताकडे जाते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. माल बाजारात जाण्याआधी तिथे थांबावाच लागे. यकृत हा तसा नाका आहे. तिथली विकरे, म्हणजे एन्झाइम, औषधाचा काही भाग तिथल्या तिथे मोडतात किंवा बदलतात. काही औषधांचा निम्म्याहून अधिक भाग इथेच संपतो, काहींचा अगदी थोडा. उरलेले औषध हृदयाकडे आणि तिथून रक्ताबरोबर सगळ्या शरीरात, दुखऱ्या जागी आणि न दुखणाऱ्या जागीही. म्हणूनच सांध्याच्या गोळीने पोटात जळजळ होते.

रक्तात फिरताना बरीच औषधे अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेली असतात. चिकटलेला भाग काम करत नाही. सुटा भाग करतो. दर फेरीला यकृत आणखी थोडे मोडते, मूत्रपिंडे थोडे लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तातील औषध निम्मे व्हायला किती वेळ लागतो यावरून डोस ठरतो. पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्मे होते, म्हणून ते दिवसातून काही वेळा घ्यावे लागते. अॅझिथ्रोमायसिनला निम्मे व्हायला जवळजवळ तीन दिवस लागतात, म्हणून ते दिवसातून एकदाच पुरते. क्लोरोक्वीन तर शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. चिठ्ठीवरचे "सकाळ-दुपार-संध्याकाळ" ही रीत म्हणून लिहिलेली नसते, त्यामागे हा हिशेब असतो.

आणि औषध नेमके करते काय? बहुतेक वेळा ते शरीरातल्या किंवा जंतूतल्या एखाद्या चालू कामाला अडवते. ताप येतो तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मेंदूला "तापमान वाढव" असा निरोप देत असतात. पॅरासिटामॉल ती द्रव्ये तयार होणे कमी करते. निरोप थांबतो, घाम येतो, ताप उतरतो. हिवतापाचा जंतू मात्र होता तिथेच आहे. पाड्यावर "गोळीने ताप गेला, सुईची गरज नाही" असे म्हणून रक्त तपासू न देणारे पुष्कळ भेटतात. पुण्या-मुंबईतही भेटतात.

वजन, चहा आणि रिकामे पोट

आता फरक कुठे पडतो ते पाहू. अगदी साधी गोष्ट म्हणजे वजन. क्षयरोगाच्या चार औषधांची मिळून एक गोळी येते. ती ३० किलोच्या रुग्णाला रोज २ आणि ५५ किलोच्या रुग्णाला रोज ४ द्यावी लागते. आमच्याकडे तिशीतला बाप्या माणूस ३४-३५ किलोचा सापडतो, आणि औषधाने भूक लागून तो चार महिन्यांत सात किलो वाढतोही. वाढल्यावर डोस पुन्हा पाहावा लागतो. म्हणून सिस्टरांच्या पिशवीत गोळ्यांच्या आधी वजनकाटा जातो.

बाळांच्या बाबतीत तर फार जपावे लागते. पॅरासिटामॉल मुलाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. मोठ्यांची ५०० ची गोळी चुरून पाण्यातून पाजली तर चौपटीहून जास्त झाले. एवढ्याशा औषधाने काय होते, असे वाटते. होते ते असे. पॅरासिटामॉल मोडताना यकृतात थोडे विषारी द्रव्य तयार होते, आणि ग्लुटाथिऑन नावाचा पदार्थ ते लगेच निकामी करतो. कुपोषित मुलात, उपाशी माणसात, रोज दारू पिणाऱ्यात हा ग्लुटाथिऑनचा साठा आधीच तुटपुंजा असतो. निरोगी माणसाला सहज पचणारा डोस त्यांच्या यकृताला जड जाऊ शकतो. ग्लुटाथिऑन हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

मग अन्न. आमच्या एका पाड्यावर गरोदर बायकांना महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी रक्त वाढेना. त्या गोळ्या टाकून देतात, असा आमचा ग्रह झाला. सिस्टरांनी एके दिवशी सहज विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" सगळ्यांचे एकच उत्तर, चहाबरोबर. सकाळचा कोरा चहा हीच तिथली न्याहारी. चहातले तुरट पदार्थ लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊच देत नाहीत. गोळी इमानाने गिळली जात होती आणि इमानाने बाहेर पडत होती. आता गोळी चहापासून दोन तास लांब, आणि जमेल तेव्हा आवळा किंवा लिंबू बरोबर, कारण त्यांच्या आंबटपणाने लोह जास्त शोषले जाते. सगळ्याजणींचे नाही, पण बऱ्याच जणींचे रक्त पुढच्या तपासणीत वाढलेले दिसले.

क्षयाच्या औषधातले रिफाम्पिसिन याच्या थोडे उलट. ते रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते. रिकाम्या पोटी घेतले की मळमळते, आणि मळमळले की रुग्ण सोडतो. इथे सिस्टर अडून बसत नाहीत. थोडे काही खाऊन घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी. याच रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्याला घाबरायचे कारण नाही, पण आधी सांगितले नाही तर माणूस घाबरणारच. शिवाय ते यकृताच्या नाक्यावरची माणसे वाढवते, म्हणजे विकरे जास्त तयार होतात, आणि दुसरी औषधे लवकर मोडली जातात. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या त्यामुळे फोल ठरू शकतात. आमच्या एका ताईंना हे उशिरा कळले. त्यांची मुलगी आता तिसरीत आहे आणि अंगणवाडीच्या सगळ्या गाण्यांचे हावभाव तिला अजून पाठ आहेत, पण तो विषय निराळा.

संथ यकृत, वेगवान यकृत

अन्न, वजन, दुसरी औषधे, या विचारून कळणाऱ्या गोष्टी. काही फरक मात्र जन्मतःच असतात.

आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली क्षयरोगावर वापरात आले. लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आले की तोच डोस घेऊनही काही रुग्णांच्या रक्तात ते पटकन संपते आणि काहींच्या रक्तात बराच वेळ टिकते. आयसोनियाझिड मोडणारे यकृतातले विकर काहींत वेगवान असते, काहींत संथ. वेगवान माणसात औषध सुमारे एक-दीड तासात निम्मे होते, संथ माणसात तीन-चार तास लागतात. हे आईबापांकडून येते. आहाराशी किंवा स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. भारतात निम्म्याहून अधिक लोक संथ गटातले आहेत. तुम्ही-आम्ही, पाड्यावरचे, शहरातले, सगळे त्यात आले.

या अभ्यासाला आपल्याच देशात मोठे बळ मिळाले. मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोगावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयरोग्याला गावाबाहेरच्या आरोग्यधामात ठेवायचे, चांगले खाऊ घालायचे आणि विश्रांती द्यायची, अशी पद्धत होती. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. मद्रासच्या केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी राहू दिले. औषधे दोघांना तीच. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. घरी राहून, निकृष्ट जेवण जेवून, कामधंदा करूनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पुढे तिथल्याच अभ्यासांत दिसले की औषध आठवड्यातून एकदाच दिले तर वेगवान यकृताच्या रुग्णांना गुण कमी येतो. रोज दिले तर हा फरक जवळजवळ पुसला जातो. रोजची गोळी चुकवू नका, या आमच्या तगाद्याला असाही एक आधार आहे.

संथ यकृताची अडचण वेगळी. औषध जास्त वेळ अंगात राहते आणि शरीरातले बी-६ जीवनसत्त्व कमी करते. मग हातापायांच्या नसा दुखावतात. एक मावशी सांगायच्या, "तळपायाखाली कोणी निखारे ठेवलेत." रात्री त्या पाय पाण्यात बुडवून बसत. घरच्यांना वाटले, औषध उष्ण पडते, बंद करा. बी-६ ची अगदी स्वस्त गोळी जोडीला दिली आणि काही आठवड्यांत त्या झोपू लागल्या. क्षयाचे औषध एक दिवसही थांबवावे लागले नाही.

मंडळीतल्या लोकांना यात एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. एकाच घरातल्या दोन जावा क्षयाचे औषध घेत होत्या. एकीची तब्येत झपाट्याने सुधारली. दुसरीला उलट्या, अंगाला खाज, डोळे पिवळे. प्रार्थनासभेत कोणीतरी, चांगल्या हेतूनेच म्हणू या, बोलून गेले की पहिलीचा विश्वास मोठा. दुसरीने ते ऐकले. त्यानंतर ती त्रास होतो हे सांगेनाशी झाली, कारण सांगणे म्हणजे अविश्वास कबूल करणे. यकृताला आलेली सूज त्यामुळे पंधरा दिवस उशिरा कळली. यकृतातल्या विकराचा वेग देवाने कोणाच्या विश्वासाचे मोजमाप म्हणून ठेवलेला नाही. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी जो सल्ला दिला तो एका माणसाच्या एका पोटासाठी होता, आणि पौलाबरोबर लूक वैद्य होता हेही आपण विसरतो.

मामाचे दुखणे भाच्याकडे

आता पुन्हा त्या तरुणाकडे येऊ.

व्हायवॅक्स हिवतापाचा जंतू फसवा असतो. रक्तातले जंतू क्लोरोक्वीनने मरतात, पण काही यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. त्या झोपलेल्या जंतूंना मारण्यासाठी प्रायमाक्वीन. प्रायमाक्वीन शरीरात बदलते तेव्हा अशी द्रव्ये तयार होतात की जी तांबड्या रक्तपेशींना आतून गंज चढवल्यासारखी पोळतात. पेशीचा बचाव करतो तोच आपला ओळखीचा ग्लुटाथिऑन. वापरून संपलेला ग्लुटाथिऑन पुन्हा ताजा करण्यासाठी पेशीला एक विकर लागते, त्याचे छोटे नाव जी-सिक्स-पीडी. हे विकर जन्मतः कमी असेल तर बचाव लवकर संपतो आणि पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतला तांबडा रंग लघवीत उतरतो. म्हणून ती कोऱ्या चहासारखी दिसते.

हे कोडे सुटले ते अमेरिकेत. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. (कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो? मला तरी ते खटकते.) ज्यांना प्रायमाक्वीन बाधते त्यांच्या रक्तपेशींवर किरणोत्सारी खूण करून त्या न बाधणाऱ्या माणसाच्या अंगात सोडल्या, तिथेही त्याच पेशी फुटल्या. म्हणजे फरक औषधात किंवा यकृतात नव्हता, पेशीतच होता. १९५६ साली नेमके कोणते विकर कमी आहे ते सापडले.

या विकराचा गुणधर्म एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. म्हणून आईला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, पण तिच्या भावाला आणि तिच्या मुलाला तीच कमतरता असू शकते. "याच्या मामालाही असंच झालं होतं." डॉक्टर कागदावर वंशावळ काढून विचारतात तो प्रश्न त्या मावशीने न विचारता सोडवून माझ्या हातात ठेवला होता, आणि मी कोंबड्याची पिसे मोजत होतो.

माझी चूक एवढ्यावरच थांबली नाही. रुग्णालयातून सुटण्याआधी त्याच्या रक्ताची या विकरासाठी तपासणी झाली. निकाल आला, ठीक आहे. कबूल करतो, मला थोडे बरे वाटले. म्हणजे माझेच खरे. डॉक्टरांनी मात्र तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. पेशी फुटतात तेव्हा आधी म्हाताऱ्या फुटतात, कारण त्यांच्यात हे विकर सर्वांत कमी उरलेले असते. मागे राहतात त्या नव्या, कोवळ्या पेशी, आणि त्यांत विकर बऱ्यापैकी असते. त्यामुळे लगेच केलेली तपासणी फसवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा रक्त नेले. कमतरता स्पष्ट दिसली.

ही कमतरता आदिवासींचीच, असे कृपा करून समजू नका. ती जगभर आहे, आणि विशेषतः जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे जास्त आहे. हिवतापापासून ती थोडे संरक्षण देत असावी असे मानतात. तिचे पुष्कळ प्रकार आहेत. भारतातल्या एकाचे नाव "ओरिसा", तर दुसऱ्याचे चक्क "केरळ-कल्याण". सिकलसेल हे वेगळे दुखणे आहे. तेही रक्तपेशींचे आणि तेही हिवतापाच्या मुलखातले, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. सिकलसेलचे कार्ड असले म्हणजे ही तपासणी झाली असे होत नाही.

प्रायमाक्वीनशिवाय आणखीही काही औषधे अशा माणसाला बाधू शकतात. कुष्ठरोगावरचे डॅप्सोन त्यातलेच एक, आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइनही. प्रायमाक्वीन देताना "लघवी काळी झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवा आणि लगेच कळवा" एवढे एक वाक्य सांगायचे असते. सरकारी मार्गदर्शनातही ते आहे. मी डोस दोनदा वदवून घेतला, ते वाक्य सांगायचे राहिले.

श्रावणात त्या तरुणाला पुन्हा ताप आला. यकृतातले जंतू जागे झाले होते, कारण चौदा दिवसांचे औषध पुरे झालेच नव्हते. अशा रुग्णांना प्रायमाक्वीन रोज न देता आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे. दोन डोसांमध्ये रक्ताला सावरायला वेळ मिळतो. त्याला तसे दिले. दर आठवड्याला गोळीच्या आधी आणि नंतर रक्त पाहायचे, लघवीचा रंग विचारायचा. भर पावसात आठ वेळा जीप, त्यातल्या दोन वेळा नाल्याला पूर असल्याने सिस्टर पलीकडून चालत गेल्या. गोळ्यांची किंमत किरकोळ होती. सेक्रेटरीबाई, त्या वर्षीच्या जमाखर्चात गाडीभाड्याची जी मोठी रक्कम होती त्यात या आठ फेऱ्या आहेत. त्याला त्यानंतर ताप आलेला नाही.

आपल्याकडून दोन विनंत्या आहेत. घरात उरलेल्या गोळ्यांचे डबे कृपया पाठवू नका. कोणाची कोणत्या वजनाला, कोणत्या आजाराला लिहिलेली गोळी आहे हे आम्हाला कळत नाही, आणि निम्म्या पाकिटांवरची तारीख कापलेली असते. त्याऐवजी मुलांचा लटकवायचा वजनकाटा चालेल, किंवा तपासणीचा एक दिवस आपल्या मंडळीने उचलला तरी चालेल.

दुसरी विनंती ऐकून आपल्याला नवल वाटेल. नाताळसाठी येणाऱ्या कपड्यांच्या गठ्ठ्यांत डांबराच्या गोळ्या असतात. त्यातले नॅप्थलीन ही कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला नुसत्या कपड्यांतून, वासातून बाधू शकते. रक्तपेशी फुटून कावीळ होते. त्या तरुणाच्या बहिणीला गेल्या वर्षी मुलगा झाला. आजी त्याला दुपट्यात गुंडाळून स्वतःच उपकेंद्रावर घेऊन आली आणि सिस्टरांना म्हणाली, "याच्या मामाला ती गोळी चालत नाही. याचं रक्त बघा." बाळालाही कमतरता निघाली. त्याच्या कार्डावर आता ते लाल शाईने लिहिलेले आहे. याच बाळाच्या घरी आपल्या गठ्ठ्यातले झबले जाणार आहे. तेव्हा कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, हवे तर घडीत कडुनिंबाचा पाला घालून पाठवा. आणि जे आधीच डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले आहेत ते दोन-तीन वेळा धुऊन, उन्हात चांगले वारे लागू देऊन मगच.

प्रभूच्या सेवेत आपला,
कार्यक्षेत्रातील एक कार्यकर्ता